तुमचे प्रश्न: पोराचं गेमिंग, बाबांचं जीएसटी आणि डेस्कटॉप एकच

कॉलेजच्या ॲडमिशन आटोपल्या की या पानावर एकाच विषयाची पत्रं यायला लागतात, कॉम्प्युटर कोणता घ्यायचा. यावेळची सगळी पत्रं नागपूरचीच निघाली, म्हणून उत्तरंही इथलं ऊन आणि इथली लाईट धरूनच दिलीत.

प्रश्न: नमस्कार. मुलगा यंदा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला लागला, कॉम्प्युटर ब्रांच. गेमिंग पीसी पाहिजे म्हणून मागे लागून राहिला आहे. ह्यांचं टॅली आणि जीएसटी रिटर्नचं काम घरूनच चालतं, तेही त्याच मशीनवर होईल. बर्डीतून एक कोटेशन आणलं, ७२ हजारांचं: आय५ १२४००एफ, एच६१० बोर्ड, ८ जीबी रॅमची एक स्टिक, आरटीएक्स ३०५० ६ जीबी, २५६ जीबी एसएसडी आणि १ टीबी हार्ड डिस्क, सहा आरजीबी फॅनवालं काचेचं कॅबिनेट ४५० वॉट एसएमपीएससकट, २२ इंची ७५ हर्ट्झ मॉनिटर, कीबोर्ड-माऊस. मुलगा म्हणतो चालेल, पण जीटीए सिक्स चालली पाहिजे. घेऊ का?
— एक आई, मनीष नगर

उत्तर: ताई, आहे तसं घेऊ नका. दुकानदार फसवून राहिला असं मी म्हणत नाही, बाजारात जे खपतं ते त्यानं लिहून दिलं, पण या यादीत पैसा गेलाय तो डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंवर, काच, लाईट, फॅन, आणि ज्या वस्तू पाच वर्षं आत बसून काम करणार आहेत त्या सगळ्या हलक्या धरल्यात.

आधी ते जीटीए सिक्स. रॉकस्टारनं तो गेम जाहीर केलाय तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी, पीसीचं काही सांगितलेलं नाही, त्यामुळे तो मुद्दा आज भावात धरायचाच नाही. मुलाला विचारा, आत्ता मित्रांसोबत रोज काय खेळतोस. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, माइनक्राफ्ट असलं काही म्हणाला तर सगळा हिशोबच बदलतो, कारण हे गेम ग्राफिक्स कार्डाला फार घाम फोडत नाहीत, त्यांना प्रोसेसर चांगला लागतो आणि मॉनिटर चांगला लागतो. मोठे स्टोरीवाले गेम म्हणाला तर कार्डावर खर्च करा.

आणि खरेदीची सुरुवात मॉनिटरपासून करा, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण तो शेवटी उरलेल्या पैशात घेतो. कार्डाला किती राबायचंय ते मॉनिटर ठरवतो ना. फुल एचडी म्हणजे साधारण २१ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३७ लाखांच्या आसपास, फोर-के म्हणजे ८३ लाख, आणि हे सगळे पिक्सेल सेकंदाला साठ वेळा किंवा एकशे चव्वेचाळीस वेळा नव्यानं काढायचे. तुमच्या बजेटला २४ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनेल (बाजूनं बघितलं तरी रंग फिके न पडणारं), १४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, किंवा त्याच्या वरचा घ्या. ७५ हर्ट्झवाल्यापेक्षा थोडेच पैसे जास्त लागतात, पण पोरगा तर सोडा, दिवसभर एक्सेलची शीट वरखाली करणाऱ्या तुमच्या ह्यांनाही फरक कळेल. आणि बाकी डबा बदलला तरी मॉनिटर तोच राहतो.

आता कार्ड. आरटीएक्स ३०५० नावाची दोन वेगळी कार्डं आहेत, जुनं ८ जीबीचं आणि २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं. फरक नुसता मेमरीचा वाटतो पण नवं आतूनच कापलेलं आहे, कोअर कमी, मेमरीची बस अरुंद, ७० वॉटवर चालणारं. त्याचा उपयोग आहे, खाली एका पत्रात येईलच, पण सत्तर हजाराच्या नव्या मशीनमध्ये ते नको. फुल एचडीसाठी आरटीएक्स ४०६० किंवा ५०६०, नाहीतर एएमडीचं आरएक्स ७६०० या वर्गातलं ८ जीबी कार्ड बघा. मुलगा कॉम्प्युटर ब्रांचचा आहे, पुढे मशीन लर्निंगचं काहीतरी करून बघेलच, आणि तिकडचं बहुतेक सॉफ्टवेअर एनव्हिडियाच्या कुडा या प्रणालीवर सगळ्यात विनातक्रार चालतं, म्हणून भाव सारखा असेल तर मी एनव्हिडिया म्हणेन. फक्त गेमच खेळायचे असतील तर एएमडी त्याच पैशात बहुतेक वेळा थोडं जास्त देतं.

प्रोसेसरच्या नावातलं ते शेवटचं एफ, त्याकडे कोणी बघत नाही. एफ म्हणजे आत स्वतःचं ग्राफिक्स नाही. उद्या कार्ड बिघडलं, वॉरंटीत पाठवलं, दोन-तीन आठवडे आलं नाही, तर तितके दिवस स्क्रीन काळी. गेम थांबला तर बिघडत नाही, पण २० तारीख जवळ आलीय आणि रिटर्न भरायचंय अशा वेळी तुमच्या घरात काय होईल ते तुम्हीच बघा. घरात कामाला आणि खेळायला एकच मशीन असेल तर स्वतःचं ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यायचा, मग कार्ड नसतानाही टॅली चालू राहतं. इंटेलमध्ये घ्यायचं तर बिनएफचा १२४०० आहे, पण त्याच्या सॉकेटचा, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचा, रस्ता चौदाव्या पिढीशी संपला, इंटेल पुढच्या सॉकेटवर गेली. म्हणून माझं मत एएमडीच्या एएम५ सॉकेटकडे. रायझन ५ ७६०० मध्ये कामापुरतं ग्राफिक्स आहे, डब्यात कूलर येतो, ६५ वॉटचा आहे, आणि एएम५ ला २०२७ पर्यंत तरी सपोर्ट देऊ असं एएमडीनं सांगितलंय, म्हणजे तीन वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलून काम भागू शकतं. घेताना सीलबंद डब्यातलाच मागा, ट्रेवाला सुटा प्रोसेसर स्वस्त पडतो पण त्यावर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी मिळत नाही, बहुतेक वेळा दुकानदाराचा शब्द तेवढा असतो.

रॅम ८ जीबी पुरत नाही, १६ घ्या, आणि शक्यतो ८-८ च्या दोन स्टिक, एकच स्टिक लावली की मेमरीचा अर्धा रस्ता रिकामा राहतो. अडचण अशी की २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव पार वर गेलेत, एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी लागून राहिली आहे आणि चिप बनवणाऱ्यांना तिकडे जास्त पैसा दिसतो, मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून रॅमचा भाव ज्या दिवशी घेणार त्या दिवशीचाच धरा, आठवड्यापूर्वीचं कोटेशन कामाचं नाही. मशीन घरी आलं की मुलाला बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग) जाऊन एक्स्पो चालू करायला सांगा, नाहीतर पैसे दिले त्या वेगानं रॅम धावतच नाही. २५६ चा एसएसडी एक-दोन गेममध्ये भरतो, त्याऐवजी १ टीबीचा एनव्हीएमई, म्हणजे बोर्डावरच बसणारा वेगवान एसएसडी, एकच घ्या आणि ती हार्ड डिस्क सध्या घेऊ नका. त्यातून वाचलेल्यात एक छोटी बाहेरची डिस्क टॅलीच्या बॅकअपसाठी घ्या, ती त्याच कॅबिनेटच्या आत बसवायची नाही.

आणि एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० लिहिलेलं असतं, त्याचं काही खरं नसतं. दुकानात उलटा करून त्याचं लेबल वाचा, +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि बारानं गुणा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही त्याच लाईनवर जगतात. १८ अँपिअर लिहिलं असेल तर झाले २१६ वॉट, बाकी आकडा कागदावरचा. चांगल्या कंपनीच्या ५५० वॉट ब्राँझ दर्जाच्या एसएमपीएसवर ४५ अँपिअरच्या आसपास असतं, म्हणजे ५४० वॉट. आपल्याकडे रोहिणीच्या वादळात लाईट जाते, येते, पुन्हा जाते, त्यात हलका एसएमपीएस गेला तर एकटा जात नाही, बोर्ड नाहीतर कार्ड सोबत घेऊन जातो. सहा रंगीत फॅनचे पैसे इथं घाला, कॅबिनेट साधं घ्या, पुढून जाळीचं.

हे सगळं ७२ हजारांत बसवताना ओढाताण होईल, स्पष्ट सांगतो, थोडे वर जातील. तेवढे आज नसतील तर कार्ड पुढच्या वर्षावर टाका आणि प्रोसेसर रायझन ५ ८६००जी घ्या, त्याच्या आतलं ग्राफिक्स बरंच तगडं आहे, फुल एचडीवर व्हॅलोरंट आरामात चालतं, फक्त त्याला दोन स्टिकची रॅम हवीच कारण ते ग्राफिक्स त्याच रॅमवर चालतं. मुलगा तोंड वाकडं करेल. करू द्या, पहिलं सेमिस्टर तसंही नवं-नवं असतं.

बिल पक्कं घ्या, प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर बिलावर, आणि डबे फेकू नका.

प्रश्न: दादा, हिंगणा रोडला रूम करून राहतो. वरचा मजला, स्लॅब तापतो, एसी नाही, डेझर्ट कूलर आहे. मे महिन्यात गेम सुरू केला की अर्ध्या तासात एफपीएस निम्म्यावर येतो. रूममेट म्हणतो लिक्विड कूलिंग लाव, दुसरा म्हणतो कूलरच्या ओलाव्यानं मदरबोर्ड सडतो, कूलर बंद कर. कूलर बंद केला तर मीच मरेन. काय करू?
— विद्यार्थी

उत्तर: कूलर बंद करू नको बे.

एफपीएस, म्हणजे सेकंदाला निघणाऱ्या फ्रेमा, पडतो कारण चिप स्वतःला वाचवते. रायझन ७००० च्या मालिकेत बहुतेकांना ती मर्यादा ९५ अंशांची आहे, इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांत १०० ची, तिथं पोचलं की चिप आपला वेग कमी करून घेते. आता पंखा असो की पाणी, दोन्ही शेवटी उष्णता खोलीच्याच हवेत सोडतात, त्यामुळे कॅबिनेटच्या आतलं काहीही खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. जानेवारीत खोली २२ असते, मे मध्ये तुझ्या स्लॅबखाली ४० असेल, तर तेच मशीन तेच काम करताना साधारण तितकंच, म्हणजे अठरा-एक अंशांनी, गरम दाखवणार. (२०२४ च्या मे मध्ये नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवलं होतं, सगळ्या देशात बातमी झाली, मग हवामान खात्यानं सेन्सरची गडबड सांगितली. पण वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला ते खोटं वाटलं नसेल.) लिक्विड कूलिंगनं प्रोसेसर थोडा बरा राहील, पण तुझं कार्ड तापून राहिलं असेल तर त्याला काही फायदा नाही, म्हणून आधी कोण तापतंय ते बघ, तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर फुकट आहे.

ओलाव्याचं म्हणशील तर चालू मशीन खोलीपेक्षा गरम असतं, त्यामुळे त्याच्यावर दव धरत नाही. मे मधली आपली हवा इतकी कोरडी असते की कूलरनं आलेला ओलावा मशीनला झेपतो, उलट खोली आठ-दहा अंश खाली आली तर तो मशीनचाच फायदा. भीती आहे ती उडणाऱ्या थेंबांची, बोअरचं पाणी क्षारवालं, थेंब वाळला की पांढरा डाग मागे राहतो आणि तो पुढे ओल धरतो. कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर येणार नाही असं ठेव, कूलरच्या समोरची खिडकी उघडी ठेव म्हणजे हवा पुढे सरकेल. वाळ्याच्या ताट्यांचा भुसा पण उडतो, तो फिल्टरच्या जाळीवर बसतो, उन्हाळ्यात जाळी दर पंधरवड्याला झाडत जा. पावसाळा लागला की मात्र कूलरची टाकी रिकामी कर, नुसता पंखा चालव, तेव्हा ओलावा दोघांनाही नको.

आणखी एक, फुकटातलं. गेमच्या सेटिंगमध्ये एफपीएसला मर्यादा घाल. तुझा मॉनिटर ६० चा आणि कार्ड १८० फ्रेम काढून राहिलं तर वरच्या बहुतेक फ्रेमा तुला दिसतच नाहीत, पण त्यांची उष्णता तुझ्याच खोलीत येते. कार्डाची पॉवर लिमिट ८०-८५ टक्क्यांवर आण, एफपीएस थोडासाच पडतो, तापमान चांगलं उतरतं. कॅबिनेटच्या समोरची काच काढता येत असेल तर मे पुरती काढून ठेव, दिसायला भंगार दिसेल, दिसू दे.

प्रश्न: महाल भागात जुनं घर आहे आमचं. नवीन पीसी बसवला तेव्हापासून कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, टेस्टर लावला तर लागतो. दुकानदार म्हणतो पीसी ओके आहे. आणि इन्व्हर्टर असूनही लाईट गेली की पीसी रिस्टार्ट होतो, हे काऊन होऊन राहिलं?
— एक काका

उत्तर: काका, दुकानदार बहुतेक खरं बोलतोय, पण तुम्ही हे आजच्या आज बघा. प्रत्येक एसएमपीएसमध्ये वीज गाळायला छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात, गळणारा थोडासा करंट अर्थिंगमधून जमिनीत जावा म्हणून. घराला अर्थिंगच नसेल, किंवा भिंतीवरच्या प्लगच्या बोर्डावर तिसरं भोक आहे पण मागे वायर नाही, तर तो करंट पत्र्यावरच थांबतो आणि पत्रा मेनच्या साधारण निम्म्या व्होल्टेजला येतो, म्हणून टेस्टर लागतो, मुंग्या येतात. करंट अगदी थोडा असतो, पण अर्थिंग नाही म्हणजे उद्या खरा फॉल्ट झाला, मग तो गीझरमध्ये का असेना, तर धोका जिवाला आहे. जुन्या वाड्यांत हे सर्रास दिसतं. इलेक्ट्रिशियनला बोलवा, अर्थिंगचा खड्डा तपासायला लावा, नसेल तर करून घ्या, आणि करंट गळला की लगेच लाईट तोडणारा आरसीसीबी (लोक त्याला ईएलसीबीही म्हणतात), तोही बसवून घ्या. तोवर पीसी चालू असताना एचडीएमआयची केबल टीव्हीला लावू-काढू नका, त्यात पोर्ट जातात. आणि तिसरी पिन तोडून टू-पिन करणाऱ्याला घरात घेऊ नका.

इन्व्हर्टरचं सोपं आहे. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर बॅटरीवर यायला थोडा वेळ घेतो, आणि एसएमपीएस आपल्या पोटातल्या चार्जवर सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे १६-१७ मिलिसेकंद, तग धरतो. इन्व्हर्टरच्या मागे बहुतेक करून एक बटण असतं, यूपीएस मोड आणि नॉर्मल नाहीतर इको मोड. नॉर्मलवर असेल तर तो उशिरा येतो, ट्यूबलाईटला चालतं, पीसीला नाही. यूपीएसवर करून बघा. तरी रिस्टार्ट झाला तर वेगळा यूपीएस घ्या, पण ६०० व्हीएचा घेऊ नका, त्यात खरे साधारण ३६० वॉटच मिळतात आणि कार्डवाला पीसी गेममध्ये त्याच्या काठावर जातो. १००० व्हीए किंवा वरचा, आणि जमलं तर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे मेनच्या लाईटसारखी गुळगुळीत लाट देणारा, स्वस्त यूपीएसच्या चौकोनी वेव्हवर काही चांगले एसएमपीएस रुसतात.

प्रश्न: ऑफिसमधून निघालेले डेल, एचपीचे छोटे डेस्कटॉप स्वस्तात मिळतात. तसा एक घेऊन वर ग्राफिक्स कार्ड टाकलं तर भाचीला चालेल का? बजेट २५-३०.
— एक मामा, नंदनवन

उत्तर: चालेल मामा, सांभाळून घेतलं तर. पहिलं म्हणजे प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचाच, त्याच्या आधीच्यांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंट खेळायचं असेल तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही गोष्टी चालू असाव्या लागतात, ते दुकानातच बायोसमध्ये दाखवायला सांगा.

दुसरं, या डब्यांमधला एसएमपीएस त्यांचा स्वतःचा असतो, बाजारातला बसत नाही, दोन-अडीचशे वॉटचा असतो आणि कार्डाला लागणारी वेगळी वायर बहुतेक वेळा नसतेच. डबा बारका असेल तर पूर्ण उंचीचं कार्डही आत जात नाही. इथंच ते वरच्या कोटेशनमधलं ३०५० ६ जीबी कामाला येतं, ७० वॉट म्हणजे स्लॉटमधूनच वीज घेतं, आणि त्याचं लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं, मॉडेल मिळतं. मनीष नगरच्या ताईंना नको म्हटलं ते तुमच्या भाचीला चालेल. एसएसडी मात्र जुना घेऊ नका, नाहीतर निदान क्रिस्टल डिस्क इन्फो हे सॉफ्टवेअर लावून त्याचे तास आणि हेल्थ बघा.

प्रश्न: १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, आधीच्या ६० वाल्यापेक्षा काहीच फरक वाटत नाही. पैसे वाया गेले का?
— त्रिमूर्ती नगर

उत्तर: मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टात लावली असेल, ती काढून खालच्या बाजूला आडव्या बसलेल्या ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टात लावा, डिस्प्लेपोर्ट असेल तर तीच वापरा. मग विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथं जा. तिथं अजून ६० च असणार, ते १४४ करा. आकडा यादीत दिसतच नसेल तर केबल जुनी आहे.